जीव घाबरते

कठोरा नाका, अमरावती
१२ नोव्हेंबर २०२४

आदरणीय बाबा,
सविनय जयभीम.

आईशी दर रविवारी फोनवर बोलतो. ती 'सारं ठीक हाय' म्हणते आणि माझं पुढचं वाक्य यायच्या आत फोन ठेवते. तुमच्याशी बोलायचं तर पत्राशिवाय इलाज नाही, अकोटच्या कापसाच्या जिनिंगमधल्या यंत्रांनी तुमचे कान कधीच खाऊन टाकले. हॉस्टेलची पोरं मला हसतात. पोस्टात जाऊन लिफाफा विकत घेणारा त्यांनी पाहिलेला मी पहिलाच माणूस आहे.

दुसरं वर्ष सुरू झालं आणि आम्हाला खऱ्या वॉर्डात सोडलं. पहिल्या वर्षी सगळं पुतळ्यावर शिकलो होतो. पुतळ्याला कूस बदलून द्या, आंघोळ घाला, तो काही म्हणत नाही. पुतळा लाजत नाही. इथे पहिल्याच दिवशी एका म्हाताऱ्या गुरुजींना मी अंग पुसायला घेतलं, तर त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण मुठीत धरून ठेवलं. मी तसाच उभा राहिलो. मग आमच्या शकीला सिस्टर आल्या. त्या वॉर्डात आम्हाला शिकवतात, बोलणं तिखट आहे. त्यांनी आधी पडदा ओढला, मग पाण्यात स्वतःचा हात घालून पाहिला, मग गुरुजींना विचारलं, 'आधी पाय पुसू का?' पायापासून सुरुवात केल्यावर गुरुजींनी बटण आपणच सोडलं.

बेडपॅनही दिलं. माणसाला पलंगावरून उठता येत नसेल तर त्याच्याखाली जे भांडं सरकवतात ते. तुम्ही विचाराल म्हणून सांगतो, पहिल्यांदा पोटात ढवळलं. बाहेर जाऊन तोंडावर पाणी मारून आलो. सिस्टर म्हणाल्या, ढवळणार, पण ते तुझ्या पोटात राहू दे, चेहऱ्यावर येऊ देऊ नको. आता जमतं.

जड जातं ते इंग्रजी. पेशंटने काय सांगितलं ते सगळं इंग्रजीत लिहावं लागतं. मी मराठी शाळेतला, त्यात बोलणं वऱ्हाडी. वर्गातला पुण्याकडचा एक जण माझ्या 'काहून'ची नक्कल करतो आणि सगळे हसतात. मी पण हसतो. पण आता ठरवलं आहे, लिहीन ते असं चोख लिहीन की कोणाला बोट ठेवायला जागा राहणार नाही.

आईचा राग गेला का? शेजारच्या बायकांना ती 'प्रीतम युनिव्हर्सिटीत हाय' एवढंच सांगते, नर्सिंगचं नाव काढत नाही, असं आपला ऑटोवाला इमरान सांगत होता. तुम्ही तिला समजवा. तुमचं ऐकेल.

आपला,
प्रीतम


कौलखेड, अकोला
२० नोव्हेंबर २०२४

प्रिय प्रीतम,
सप्रेम जयभीम.

तुझे पत्र मिळाले. दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ चुकले आहेत, ते लाल शाईने दुरुस्त करून ठेवले आहेत, आलास की पाहा. आमचे गुरुजी सांगत, तोंडाने काय वाटेल ते बोला, कागदावर मात्र शुद्ध लिहा. मी दहावीच्या पुढे गेलो नाही, जिनिंगमध्ये जन्म गेला, परंतु ती शिस्त सोडली नाही. तूही सोडू नकोस.

तुझी आई माझे ऐकेल असे तू लिहितोस. अरे, मलाच तिचे ऐकू येत नाही. तिच्या ओठांवरून जेवढे कळते तेवढ्यावर आमचा संसार चालला आहे. तुझ्याविषयी ती जे बोलते ते मात्र स्पष्ट कळते. ती म्हणते, सासूने लग्न होऊन आल्यावर गावात दुसऱ्यांच्या दारची घाण उचलली. छप्पन साली दीक्षा घेतली त्या दिवशी आपल्या माणसांनी ते काम टाकले ते टाकले. आणि आता माझा मुलगा चार वर्षे शिकून पुन्हा तेच हातात घेणार. तिला मी काय उत्तर द्यावे? तुझ्यापाशी असेल तर कळव.

बाकी घरी ठीक. तुझी आई हल्ली फार घाबरते. दिवसातून एकदोन वेळा तरी तिचे हेच. कशाला घाबरतेस असे विचारले तर हात हलवून कामाला लागते. मला वाटते, तुझ्या शिक्षणाचे चार लोकांत कळेल याचीच तिला धास्ती आहे. परवा आपल्या जिन्याच्या मधल्या पायरीवर किराण्याची पिशवी घेऊन बसून राहिली होती. मी विचारले तर म्हणाली, दाढ दुखते. डाव्या बाजूची. लवंग दाबून धरते. तिचे साखरेचे औषध मी वेळेवर देतो, त्याची काळजी करू नकोस.

थंडी सुरू झाली आहे. स्वेटर घाल.

तुझा,
बाबा


अमरावती
२८ नोव्हेंबर २०२४

आदरणीय बाबा,
सविनय जयभीम.

तुमचं पत्र वाचून वाईट वाटलं. खरं सांगायचं तर रागही आला. मी चोरी केली नाही, कोणाची पोरगी पळवली नाही. आईला घाबरण्यासारखं मी काय केलं? परीक्षा देऊन नंबर लावला तेव्हा तिनेच पेढे वाटले होते. फक्त तेव्हा तिला वाटलं होतं की दवाखान्यात शिकायचं म्हणजे डॉक्टरच्या जवळपासचं काहीतरी असेल.

तिला माझ्यातर्फे सांगा, घाबरायचं काही कारण नाही. हे काम आजीचं काम नाही. आजीला ते करायला लावत होते. मला कोणी लावलेलं नाही. यापेक्षा चांगलं उत्तर सुचलं तर लिहीन.

दाढेचं असं, की लवंगेने तात्पुरतं बरं वाटेल, पण कीड आत गेली असेल तर दाताच्या डॉक्टरला दाखवावंच लागेल. साखर असलेल्या माणसाची दाढ लवकर बिघडते, हे आम्हाला शिकवलं आहे. दुखणं अंगावर काढू देऊ नका. फोनवर विचारलं तर मला म्हणते, 'तुले काय करा लागते, तू तुह्या लोकायची सेवा कर.'

आपला,
प्रीतम


अकोला
९ डिसेंबर २०२४

प्रिय प्रीतम,
सप्रेम जयभीम.

तुझ्या सांगण्याप्रमाणे तिला दाताच्या डॉक्टरकडे नेले. त्याने आरसा घालून सगळे दात ठोकून पाहिले आणि दाढ चांगली आहे म्हणाला. म्हणजे दाढेचे बहाणेच असावेत. येताना इमरानच्या ऑटोतून उतरल्यावर ती फाटकाला धरून बराच वेळ उभी राहिली. एवढ्या थंडीत तिच्या पाठीचा ब्लाउज घामाने ओला झाला होता. मी तिला म्हणालो, इतके घाबरायचे असेल तर मुलाला परत बोलावून घेऊ. त्यावर माझ्याकडे अशी पाहत राहिली की मी खाली मान घालून फाटक उघडले.

तुझे पत्र तिला वाचून दाखवले. आजीविषयीचे वाक्य तिने दोनदा वाचायला लावले. मग म्हणाली, 'त्याले काय समजते.' रागाने नाही म्हणाली. निदान ओठ रागाचे नव्हते.

रात्रीची भाकरी हल्ली अर्धीच खाते. छातीवर हात ठेवून पुन्हा तेच, घाबरते म्हणते. मी तिला धीट हो म्हणून सांगतो. आणखी काय सांगणार? तू पुढच्या सुट्टीत आलास की समोरासमोर बोला आणि एकदाचा निकाल लावा. मला मध्ये उभे राहून दोघांचे ओझे वाहवत नाही.

तुझा,
बाबा


अमरावती
१७ डिसेंबर २०२४

आदरणीय बाबा,
सविनय जयभीम.

तुमच्या पत्राला उत्तर द्यायला बसलो आहे, पण आईच्या विषयावर आज काही लिहिता येणार नाही. माझ्या हातून जे झालं ते कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला जेवण जाणार नाही. हॉस्टेलमध्ये सांगायला कोणी नाही.

आमच्या वॉर्डात डोमाजी नावाचे म्हातारे होते. दर्यापूरकडचे. साखरेने पायाला जखम झाली होती आणि बोट कापावं लागेल की काय असं डॉक्टर म्हणत होते. माझ्याशी त्यांचं चांगलं जमलं होतं, कारण आम्हा शिकाऊंपैकी मी एकटाच त्यांच्याशी त्यांच्या बोलीत बोलायचो. मला 'पोट्ट्या' म्हणायचे. शनिवारी सकाळी मी ताप बघायला गेलो तर म्हणाले, 'पोट्ट्या, मले जीव घाबरून राह्यला.' मला वाटलं, बोट कापण्याची भीती बसली. मी स्टूल ओढून बसलो, त्यांचा हात हातात घेतला आणि धीर देत राहिलो. कोणाचं कोणाचं बोट कापलं आणि ते कसे ठणठणीत चालतात ते सांगितलं. ते हो हो म्हणत होते. मग मी उठलो आणि त्यांच्या कागदावर इंग्रजीत स्वच्छ अक्षरात लिहिलं, पेशंट इज अँक्शस. म्हणजे पेशंट घाबरलेला आहे. स्पेलिंग बरोबर होतं. आधी पाहून घेतलं होतं.

काही वेळाने शकीला सिस्टर फेरीला आल्या. त्यांनी कागद वाचला, डोमाजींच्या तोंडाकडे पाहिलं आणि मला विचारलं, 'हा शब्द त्यायचा हाय का तुहा?' मी म्हणालो, त्यांनी सांगितलं त्याचं भाषांतर. तेव्हा त्या वाकून डोमाजींना म्हणाल्या, 'काका, भेव लागते का जीव घाबरते?' डोमाजी म्हणाले, 'भेव कायचं लागते बाई आता या वयात? जीव घाबरते.' सिस्टरनी तिथूनच मशीन आणायला हाक मारली. हृदयाचा झटका होता. छातीत दुखलंच नव्हतं त्यांना. साखर जुनी असली की पुष्कळदा दुखत नाही, नुसता जीव घाबरतो, म्हणजे आतून कासावीस होतं, घाम सुटतो, श्वास पुरत नाही, कधी जबड्यात नाहीतर पाठीत दुखतं. हे सगळं मी पाठ केलेलं आहे, बाबा. परीक्षेत विचारलं असतं तर पूर्ण मार्क घेतले असते.

त्यांना आयसीयूत नेलं. रविवारी ते गेले.

मी सिस्टरना विचारलं, मी लगेच सांगितलं असतं तर वाचले असते का? त्या म्हणाल्या, 'सांगता येत नाही. झटका मोठा होता. तुला बरं वाटावं म्हणून नाही म्हणणार नाही, आणि तू रडावास म्हणून हो पण म्हणणार नाही.' मग मला सोबत घेऊन त्यांनी डोमाजींचं शेवटचं सगळं करून घेतलं. डोळे मिटवायचे, दाताची कवळी बसवायची, अंग पुसायचं. पुसताना मेलेल्या माणसालाही सांगायचं असतं की काका, आता कूस बदलतो. त्यांनी मला तसं मोठ्याने म्हणायला लावलं. आणि जाताना म्हणाल्या, यापुढे पेशंट ज्या शब्दात बोलला तो शब्द आधी लिही, तसाच, कोणी हसलं तरी. इंग्रजी मागून.

आमच्या वर्गातून त्या वॉर्डात वऱ्हाडी येणारा मी एकटाच होतो. आणि मीच चुकलो. मला माझीच भाषा कळली नाही की मी ती लपवायला इतका शिकलो होतो, हे मला समजत नाही.

आईला हे वाचून दाखवू नका.

आपला,
प्रीतम


अकोला
२१ डिसेंबर २०२४

प्रीतम,

इमरानला तुला फोन करायला सांगितले आहे. हे वाचशील तेव्हा तू इथेच असशील. हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही, तू आलास की हातात देईन, कारण तुझ्यासमोर मला हे बोलता येणार नाही. दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितो आहे. आई आत आहे. जिवंत आहे.

तुझे पत्र आज सकाळी आले. मी ओट्यावर उन्हात बसून वाचत होतो. डोमाजीचे वाचता वाचता शकीला सिस्टरांचा प्रश्न आला. भेव लागते का जीव घाबरते. तो मी पुन्हा वाचला आणि पत्र हातात घेऊनच उठलो.

पोरा, आपल्याकडे भीतीला भेव म्हणतात. तुझी आई कधी भेव म्हणालीच नाही. ती म्हणत होती, 'मले जीव घाबरते.' मी तिचे ओठ पाहिले आहेत, तिने 'जीव' म्हटलेले मला पक्के आठवते. लिहायला बसलो तेव्हा ते वाक्य मला गावंढळ वाटले. घाबरणे हे माणसाने घाबरायचे, जीव कुठे घाबरतो, असे व्याकरण मी लावले. 'जीव' खोडला आणि लिहिले, तुझी आई घाबरते. तुझ्या ऱ्हस्व-दीर्घावर लाल शाई चालवणारा मी.

घाम मी पाहिला होता. जबडा पाहिला होता. पायरीवर बसलेली पाहिली होती. तुला लिहूनही कळवले होते. आणि वर तिला सांगत होतो, धीट हो.

आत गेलो तर ती वाटण करत बसली होती. म्या तिचा हात धरला अन् म्हटलं, ललिता, जीव घाबरते का तुहा? तं माह्याकडं पाहून म्हणे, 'महिना झाला सांगून राह्यली. आता आलं का तुमाले ऐकू?' मले रडू आलं. इमरान ऑटो घेऊन आला. डॉक्टर म्हणतात, एक झटका आधीच येऊन गेला, दुसरा येऊन राहिला होता. नळी टाकून रक्ताची वाट मोकळी केली आहे. बाकी आता काय ते तू डॉक्टरांना विचार, मला त्यांचे ओठ वाचता येत नाहीत, ते मास्क लावून बोलतात.

तू नाराज हो माझ्यावर. पण आधी तिच्यापाशी जा.

बाबा


अमरावती
२५ जानेवारी २०२५

आदरणीय बाबा,
सविनय जयभीम.

काल सुखरूप पोचलो. तुमचं ते पत्र माझ्या खिशात आहे. नाराज कोणावर होऊ? तुम्ही 'जीव' खोडलात, पण घाम, जबडा आणि पायरी तुम्ही जशीच्या तशी लिहिली होती. ती माझ्या हातात होती आणि मी लवंगेवर व्याख्यान दिलं. आपण दोघांनी मिळून तिला महिनाभर एकटं ठेवलं.

डॉक्टरांनी मला जे सांगितलं ते तुम्हाला कागदावर नीट सांगतो. पहिल्या झटक्यात आईच्या हृदयाचा एक भाग मेला आहे. तो परत येत नाही. उरलेल्या हृदयाला सगळं काम ओढावं लागतं, म्हणून पाय सुजतात आणि चार पावलांत दम लागतो. गोळ्या चुकवायच्या नाहीत, मीठ कमी, पाणी मोजून. रोज सकाळी वजन करा. वजन एकदम वाढलं तर पाणी साठतंय असं समजून लगेच डॉक्टरकडे. असं ती पुष्कळ दिवस काढू शकते. किंवा नाही. दोन्हीची तयारी ठेवायची.

महिनाभर घरी मी तिचं सगळं केलं. पलंगावर चादर बदलली, अंग पुसलं, भांडं दिलं. पहिल्या दिवशी भांडं देताना तिने भिंतीकडे तोंड केलं आणि मला पाठीवरून कळलं की ती रडते आहे. मी तिला विचारलं नाही. वॉर्डात मी कोणालाही विचारतो. तिला विचारायची मला हिंमत झाली नाही.

बाबा, मी ठरवलं आहे. मी शिक्षण सोडतो. इथे मी परक्या माणसांच्या उशाशी उभा राहणार आणि तिथे ती पायरीवर बसलेली. तुम्हाला हाक ऐकू येत नाही. तिला काही झालं तर तुम्हाला कळणार कसं? दवाखान्यात कुठे साधी नोकरी मिळेल, अकोल्यातच राहीन. ३ फेब्रुवारीला प्राचार्यांना भेटतो. आईला यातलं काही सांगू नका, तिला वाटेल तिच्यामुळे झालं. परत आलो की सुट्टी वाढवली आहे म्हणा.

आपला,
प्रीतम


कौलखेड, अकोला
३० जानेवारी २०२५

प्रीतम,

हे पत्र मी सोता लिहून राह्यली. तुह्या बाबाले सांगतलं असतं तं त्यायनं शुद्ध केलं असतं. सातवी शिकेल हाय मी. अक्षर वाकडं हाय, पण तुले वाचता येईन.

तुहं पत्र त्यायनं गादीखाली लपवलं होतं. म्या काढून वाचलं, अन् इमरानले फोन कराले लावला की मायचं पत्र येईस्तोवर कोन्या प्राचार्याले भेटू नको. तुमी दोघं बापलेक माह्याबद्दल लिहिता अन् मलेच सांगत नाही. पह्यलेबी तसंच केलं. मले काय होऊन राह्यलं ते एकानं अकोल्यातून लिहिलं, दुसऱ्यानं अमरावतीत वाचलं, अन् मी मधात भांडे घासत बसली. पण चूक तुमच्या दोघायचीच नाही. फोनवर तू इचारे तवा मी ठीक हाय म्हणे. तुह्यावर राग होता म्हणून म्हणे. लेकावरचा राग जिवावर काढला म्या. ते माहं मले समजलं.

राग कायचा होता ते तुह्या बाबानं लिहिलंच होतं. आता माह्या तोंडानं आयक. तुह्या आजीच्या हाताचा वास जात नाही म्हणून ती जेवाच्या आंधी राखेनं हात घासे. लोकायच्या दारचं काम सोडून लय वर्सं झाले होते, तरी घासे. सून होऊन आली तवा म्या हे डोळ्यानं पाह्यलं. मंग माहा शिकला-सवरला पोरगा तेच करतो म्हणे, तं मले लाज वाटली. भेव नाही. लाज.

आता दवाखान्यातलं सांगून राह्यली, जे तुले कोनीच सांगतलं नाही. तू बाहेर बाकावर बसला होता, अंदर सोडत नोते. मले उठाची मनाई. मंग थे भांडं आलं. एक शिकाऊ पोरगी होती, तुह्याएवढीच असंन. पडदा लावला, पांघरुणाखालून हात घालून मले साफ केलं, भांडं झाकून नेलं, हात धुऊन आली अन् माही नाडी पाहाले लागली. तिच्या छातीवर नावाची पट्टी होती. देशमुख. म्या ते दोनदा वाचलं. कोन्या गावची म्हणून इचारलं नाही. तिनं जर तुह्या आजीच्या गावचं नाव घेतलं असतं तं मले तिच्या हातून काहीच करून घेता आलं नसतं. तिनंबी मले कोनाची म्हणून इचारलं नाही. मावशी, कुठं दुखते का, एवढंच इचारलं.

दुसऱ्या दिवशी म्या तिले म्हटलं, पोरी, तुले किळस नाही येत? तं म्हणे, पह्यले लय ये मावशी, मंग आमाले शिकवलं.

शिकवलं म्हणे. मी दिवसभर तेच धरून बसली. हे शिकवता येते हे मले ठाऊकच नोतं. मले वाटे हे फकस्त कपाळी लिहिलेलं असते, अन् आपल्याच कपाळी. अन् आता पाहा, ते कालेजात शिकवून राह्यले, अन् देशमुखाची पोरगी नंबर लावून शिकून राह्यली. तुह्या आजीले हे सांगाले पाह्यजे होतं. ती हसली असती का रडली असती, मले सांगता येत नाही.

तू घरी माहं केलं तवा मी भिंतीकडं तोंड करून रडली ते तू पाह्यलं. तुले वाटलं असंन लाजेनं रडली. तुहा हात लागला अन् मले समजलं का तुले येते. चांगलं येते. अन् मले वाटलं, हे पोरगं आता माह्या एकटीसाठी घरी बसते का काय. म्हणून रडली.

तू येतो म्हणतो. येऊ नको. तू आला तं मले बरं वाटीन, खोटं कायले बोलू? तुह्या बाबाले माही हाक आयकू येत नाही, तेबी खरं हाय. त्यायले म्या थाळी वाजवून पाह्यली, तेबी नाही. आता ते माह्या समोरच खुर्ची टाकून बसतात अन् माह्या तोंडाकडं पाहात राहतात. आंधी एवढं कधी पाह्यलं नोतं. म्या जीव म्हटलं का ते उठून उभे राहतात.

डॉक्टरनं मले काही सांगतलं नाही, पण म्या त्याले इचारलं, माहं किती चालीन. त्यानं खरं सांगतलं. मी काही भेली नाही. मी जवा जाईन तवा तू इथं असशीन का नाही, कोनाले ठाऊक? तू तिथं कोन्या डोमाजीपाशी उभा राय. तो काय म्हणते ते आयक, तसंच लिही. इथं माह्यापाशी कोनाचं तरी लेकरू उभं राहीन.

ते शिकलेलं असलं म्हंजे झालं.

आई